मुलांना पृथ्वीचं अंतरंग कसं शिकवावं? (मापं, प्रयोग आणि नेहमी होणाऱ्या चुका)

पाटीपेन्सिल

सहावी ते आठवीच्या ३० मुलांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. विषय पृथ्वीचे थर. मैदान आहे, पाणी आहे, प्रोजेक्टर नाही. सामानाचा खर्च पाचशे रुपयांच्या आत बसावा.

थर्माकोलचा गोळा कापून रंगवणं नको आहे. भूकवच, प्रावरण, बाह्य गाभा, अंतर्गाभा ही चार नावं मुलं दोन मिनिटांत पाठ करतात आणि तिथेच विषय संपतो. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, थरांची खरी जाडी डोळ्यांसमोर उभी राहील असं काय करता येईल? दुसरी, प्रावरण घन सांगायचं की द्रव? वेगवेगळ्या चित्रांत वेगवेगळं दिसतं. तिसरी, 'तिथे कोणी गेलंच नाही, मग कळलं कसं?' हा प्रश्न हमखास येतो. त्याचं सूत्रांशिवाय उत्तर कसं द्यायचं?

गारगोटी

सुरुवात मैदानावरच करा आणि नावं शेवटी सांगा. आधी नुसतं माप.

१ मीटर म्हणजे १००० किलोमीटर असं प्रमाण धरा. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी, म्हणजे दोरी ६.३७ मीटर. पूर्ण वर्तुळाला तेरा मीटर मोकळी जागा लागते, म्हणून पाव वर्तुळच काढा. त्याला साडेसहा बाय साडेसहा मीटरचा कोपरा पुरतो आणि बाहेरचा कंस दहा मीटरचा होतो, तीस मुलं आरामात उभी राहतात. कोपऱ्यात एक खुंटी ठोका. दोरीला केंद्रापासून मोजून १.२२ मीटरवर, ३.४८ मीटरवर आणि ६.३७ मीटरवर गाठी मारा. पहिली गाठ म्हणजे अंतर्गाभ्याची सीमा, दुसरी बाह्य गाभ्याची, तिसरी जमिनीचा पृष्ठभाग. प्रत्येक गाठीशी रांगोळी धरून एका मुलाने फिरत जायचं.

इथे दोन चुका होतात. नायलॉनची दोरी ताणली की लांबते आणि कंस वाकडा येतो, त्यामुळे सुतळी घ्या. दुसरी, दोरी खुंटीला घट्ट बांधली तर फिरताना तिच्याभोवती गुंडाळत जाते आणि त्रिज्या कमी होत जाते. खुंटीत सैल फास अडकवा, तो फिरला पाहिजे. मैदानं आखायला चुना वापरत असाल तर तो मुलांच्या हातात देऊ नका, रांगोळी किंवा खडूची पूड बरी.

आता भूकवच. खंडांखाली ते सरासरी ३५ ते ४० किमी आहे, म्हणजे आपल्या आखणीत साडेतीन-चार सेंटिमीटर. महासागरांखाली जेमतेम ७ किमी, म्हणजे ७ मिलिमीटर. मुलांच्या हातून रांगोळीची रेघ साधारण एक सेंटिमीटर रुंद पडते. म्हणजे समुद्राखालचं सगळं भूकवच त्या रेघेत मावतं आणि तरी जागा उरते. हे त्यांना पट्टी ठेवून स्वतःला मोजू द्या, सांगू नका.

मग पट्टीवर एव्हरेस्ट दाखवा, ९ मिलिमीटरला थोडा कमी. कोलारची सोन्याची खाण सुमारे ३ मिलिमीटर. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर. ते १२ मिलिमीटर. १९७० साली सुरू केलेलं हे काम १९८९ मध्ये या खोलीला पोचलं. तिथे १०० अंशांच्या आसपास तापमान अपेक्षित होतं, ते निघालं १८० अंश. एवढं करून भूकवचाचाही तळ गाठता आला नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक कुठे असेल ते मुलांना विचारा. बहुतेक जण मैदानाच्या पलीकडे बोट दाखवतात. ते येतं रेघेपासून ४० सेंटिमीटरवर.

ओवी

घरी एकट्या मुलाला शिकवायचं तर उकडलेलं अंडं कापून दाखवलं तर चालेल ना? किंवा आंबा?

त्रिज्या

अंडं चालेल, पण काय जुळतं आणि काय नाही हे सांगूनच दाखवा. अंड्याचं कवच सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर असतं. अंड्याच्या मधल्या त्रिज्येच्या ते दीड टक्का भरतं. पृथ्वीचं खंडीय भूकवच त्रिज्येच्या अर्धा टक्का आणि सागरी तर ०.१ टक्का. म्हणजे 'अंड्याच्या कवचाइतकं पातळ' हेसुद्धा जास्तच झालं. शिवाय अंड्यात गाभ्याचे दोन भाग नाहीत.

आंब्यात गर मऊ आणि कोय कडक. मुलं तेच धरून बसतात, प्रावरण म्हणजे रसाळ. नारळ तर मुळीच नको, कारण मधोमध पाणी. कांद्याचे पापुद्रे सारख्या जाडीचे आणि सारख्याच पदार्थाचे, तोही नको.

कातळफूल

पाटीपेन्सिल, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: प्रावरण घन आहे. २९०० किमी जाडीचा हा खडकच आहे. लाव्ह्याचा समुद्र आणि त्यावर तरंगणारी जमीन हे चित्र चुकीचं आहे, आणि एकदा मनात बसलं की कॉलेजपर्यंत निघत नाही. वरच्या प्रावरणाच्या एका पट्ट्यात, म्हणजे दुर्बलावरणात, खडक त्याच्या वितळबिंदूच्या जवळ असतो. काही ठिकाणी त्यात थोडा वितळलेला अंश असतो, तोही कणाकणांच्या फटीत.

गोंधळ होतो तो 'घन आहे तर वाहतो कसा' यावर. इथे डांबर दाखवा. रस्त्याच्या कामाला वापरतात ते घट्ट, थंड डांबर. लिंबाएवढा गोळा सकाळी लवकर, गारव्यात हातोडीने ठोकला की काचेसारखा फुटतो (कापडात गुंडाळून ठोका, चष्मा लावा). तोच तुकडा ताटलीत ठेवून आठवडाभर वर्गात राहू द्या, तो पसरून चपटा होतो. रोज त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारायला सांगा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली नरसाळ्यात ओतून ठेवलेल्या डांबरासारख्या पिचचे इतक्या वर्षांत फक्त नऊ थेंब पडले आहेत. जोरात मारलं तर घन, वर्षानुवर्षं दाब दिला तर वाहणारं. प्रावरणही भूकंपाच्या लहरींना घन म्हणून उत्तर देतं आणि लाखो वर्षांच्या दाबाला हळूहळू वाहून. वेग वर्षाला काही सेंटिमीटर, साधारण नखं वाढतात तेवढा.

कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवूनही हे दाखवतात. चालतं, पण ते ओतलं की लगेच वाहतं, त्यामुळे मुलं परत द्रवावर येतात. डांबराचा संथपणाच तिथे कामाचा आहे.

आणि कळकळीची विनंती: प्रावरण लाल रंगवू नका. लाल दिसलं की लाव्हा आठवतो. हिरवं रंगवा. वरच्या प्रावरणातलं मुख्य खनिज ऑलिव्हिन, आणि ते हिरवं असतं. दागिन्यातला पेरिडॉट खडा म्हणजे ऑलिव्हिनच. कच्छमध्ये भूजच्या आसपास बेसॉल्टमधून (म्हणजे काळ्या कातळातून) प्रावरणाचे हिरवट तुकडे वर आलेले सापडतात. लडाखमध्ये आणि अंदमानात तर समुद्रतळासकट प्रावरणाचा खडक जमिनीवर ढकलला गेलेला आहे. म्हणजे 'प्रावरण कोणी पाहिलंच नाही' हेही खरं नाही. फार खोलवर ऑलिव्हिन टिकत नाही, दाबाने त्याची रचना बदलते. पण मुलांसाठी हिरवा रंग योग्य आठवण देतो.

ओलीमाती

हिरव्या प्रावरणाचा गोळा करायला मिठाची कणीक सगळ्यात स्वस्त. प्रमाण: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाणी पाऊण वाटीपासून सुरू करून लागेल तसं, जास्तीत जास्त एक वाटी. नुसता मैदा भिजवला तर तो चिवट होऊन आखडतो, गोळा आकार धरत नाही. मीठ भरपूर असलं की तो चिवटपणा मोडतो. दहा गटांना दहा गोळे करायचे तर आठ वाट्या मैदा आणि चार वाट्या मीठ पुरतं.

१ सेंटिमीटरला २००० किमी धरा, म्हणजे गोळा टेनिस बॉलएवढा, ६.४ सेंटिमीटर व्यासाचा होतो. एका गोळ्याला हिरवी कणीक (प्रावरण) १६० ग्रॅम, पिवळी (बाह्य गाभा) ३० ग्रॅम आणि पांढरी (अंतर्गाभा) जेमतेम सव्वा ग्रॅम. पांढऱ्याची गोळी भिजवलेल्या काबुली चण्याएवढी होते, पिवळ्यासकट तो लहान लिंबाएवढा दिसतो. पिवळ्याला हळद, हिरव्याला खायचा रंग. रंग ओला घालू नका, कोरडी पूड मैद्यात आधीच मिसळा. ओल्या रंगाने कणीक सैल होते आणि थर एकमेकांत उतरतात. बीट याच कारणासाठी टाळा.

हिरवी पोळी लाटून पिवळ्यावर गुंडाळली तर आत हवा अडकते आणि कापल्यावर भेग दिसते. त्याऐवजी हिरव्याच्या दोन खोलगट वाट्या करा, उकडीच्या मोदकाची पारी करतो तशा, पण जाड. पिवळा गोळा आत बसवा, कडा पाण्याच्या बोटाने जोडा आणि तळव्यात दाबत फिरवा.

कापण्याआधी अर्धा तास फ्रीझरमध्ये. सुरी वापरू नका, ती हिरवा रंग पिवळ्यावर ओढत नेते. मजबूत दोरा गोळ्याच्या मध्याभोवती एक वेढा घालून दोन्ही टोकं उलट दिशेला ओढा, स्वच्छ काप येतो.

त्रिज्या

ओलीमातीने दिलेली वजनं वाचून मुलं हमखास विचारतील: 'आखणीत गाभा अर्ध्याहून जास्त दिसतो, मग कणीक एवढीशी का?' हा प्रश्न आला तर थांबून त्याला दहा मिनिटं द्या. गाभ्याची त्रिज्या ३४८० किमी, पृथ्वीच्या त्रिज्येच्या ५५ टक्के. पण आकारमान त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतं. ०.५४६ चा घन केला की ०.१६ येतो. म्हणजे आकारमानात गाभा १६ टक्के, प्रावरण ८३ आणि भूकवच एका टक्क्याच्या आसपास. अंतर्गाभा तर एक टक्काही नाही.

मात्र वस्तुमानात गाभा जवळपास एक तृतीयांश आहे. सहावा हिस्सा जागा आणि तिसरा हिस्सा वजन. यातूनच पुढचा प्रश्न निघतो, तो जड का?

आणि भूकवच म्हणून कणकेचा वेगळा थर लावू नका. या प्रमाणात ते ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी, दोन कागदांइतकंही नाही. पोस्टर कलरचा एक हात फिरवला की झालं भूकवच.

गारगोटी

'जड का' यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. हा प्रयोग सावकाश करा, कारण अख्ख्या सत्रात मुलांच्या हाताला लागणारा खरा पुरावा हाच आहे.

लिंबाएवढा काळा कातळ घ्या. छिद्रं किंवा पांढऱ्या गारा असलेला दगड नको, ताजा फुटलेला, एकजीव घ्या. तो ब्रशने धुवून पुसा आणि वजन लिहा. आता काट्यावर अर्धं भरलेलं पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. दगडाला शिवणाचा दोरा बांधा आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि बाजूला टेकणार नाही असा धरून ठेवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके मिलिलिटर दगडाचं आकारमान. समजा दगड २३२ ग्रॅमचा आहे आणि बुडवल्यावर काट्यावर ८० आले. २३२ भागिले ८०, घनता २.९. चांगल्या बेसॉल्टला २.८ ते ३.० मध्ये उत्तर येतं, ग्रॅनाइटला २.७ च्या आसपास.

मापकात दगड टाकून पाण्याची पातळी वाचण्यापेक्षा हे कितीतरी अचूक आहे. उत्तर चुकलं तर तीन कारणं तपासा. दगड तळाला टेकला की त्याचं वजनही काट्यावर येतं आणि घनता कमी दिसते. अंगाला बुडबुडे चिकटले असतील तरी कमी दिसते, बोटाने पुसून काढा. जांभा किंवा वीट घेतली तर ती पाणी पिते आणि आकडा डोळ्यांदेखत हलतो. त्यानंतर लोखंडाचा मोठा नटबोल्ट असाच मोजा, ७.८ येतं.

मग फळ्यावर लिहा: पृथ्वीची सरासरी घनता ५.५. कॅव्हेंडिशने १७९८ साली शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजून ५.४५ काढली होती, आजच्या आकड्याच्या अगदी जवळ. पायाखालचा दगड २.९, आणि सगळी पृथ्वी मिळून ५.५. म्हणजे आत काहीतरी यापेक्षा पुष्कळ जड हवं. मोठ्या मुलांना एक भर घाला. खोलवर दाबाने खडक स्वतःही दाटतो, प्रावरणाच्या तळाशी त्याची घनता साडेपाचपर्यंत जाते. पण नुसत्या दाबाने हिशेब पुरा होत नाही, लोखंड लागतंच. गाभ्यात घनता १० ते १३ आहे.

दूरदेशी

इकडे परदेशात मराठी शाळेत हाच विषय घेतोय. मुलं इंग्रजी नावं शाळेत शिकतात, मराठी शब्द कुठले द्यावेत? आणि जड पदार्थ खाली कसा गेला हे दाखवायला काय वापरता?

कातळफूल

राज्य मंडळाच्या आठवीच्या भूगोलात हा पाठ आहे आणि शब्द तिथलेच ठेवा: भूकवच, प्रावरण, बाह्य गाभा, अंतर्गाभा. सीमांना मोहो विलगता (भूकवच आणि प्रावरण यांच्यामधली) आणि गटेनबर्ग विलगता (प्रावरण आणि गाभा यांच्यामधली). सियाल आणि सायमा हे शब्दही येतात. सिलिका-अॅल्युमिनियम आणि सिलिका-मॅग्नेशियम यांची ती जोडनावं आहेत, एवढं सांगून पुढे जा. शिलावरण हा शब्द मात्र जपून वापरा: ते म्हणजे भूकवच नव्हे. भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा ताठ भाग मिळून शिलावरण होतं, आणि भूपट्ट म्हणजे त्याचे तुकडे.

जड खाली जाणं दाखवायला अर्धा लिटरची काचेची बरणी, तळाला १०० मिली काकवी, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूहळू १०० मिली रंगीत पाणी, वर १०० मिली तेल. तुमच्याकडे काकवी मिळाली नाही तर मध. पाणी घाईने ओतलं की काकवीत मिसळतं आणि मधली सीमा जाते. खायचा रंग तेलात विरघळत नाही, तो पाण्यातच घाला. सुरुवातीला पृथ्वी बरीचशी वितळलेली होती म्हणून लोखंड असं खाली उतरू शकलं, हे वाक्य मात्र विसरू नका. नाहीतर आजही दगड खाली चाललेत असं वाटतं.

पाटीपेन्सिल

डांबर आणि काटा दोन्ही घेतोय. पण घनतेवरून 'आत जड आहे' एवढंच कळलं. २८९० किमीवर सीमा आहे, त्याखाली द्रव आहे, हे कसं सांगायचं?

कातळफूल

भूकंपाच्या लहरींवरून, आणि यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १२ जून १८९७ ला शिलाँगच्या पठारावर प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ओल्डहॅमने त्याचा अभ्यास केला. दूरच्या यंत्रांवरच्या नोंदी पाहताना त्याला तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या करता आल्या, आणि १९०६ साली त्याने पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. १९०९ मध्ये क्रोएशियातल्या भूकंपावरून मोहोरोविचिचने भूकवचाचा तळ शोधला, त्यानंतर काही वर्षांतच गटेनबर्गने गाभ्याची खोली काढली. १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी न्यूझीलंडच्या १९२९ च्या भूकंपाच्या नोंदींवरून द्रव गाभ्याच्या आतही आणखी एक गाभा आहे हे ओळखलं. मुलींना हे नाव जरूर सांगा.

प्रयोगाला बारा मुलं लागतात. आधी एकामागे एक उभी करा, पुढच्याच्या खांद्यांवर दोन्ही हात, कोपर किंचित वाकलेले. सगळ्यात मागच्याला हलका धक्का द्या, तो रांगेतून पुढे जातो. ही प्राथमिक म्हणजे पी लहर. पुढच्या टोकाला मोठं माणूस उभं राहू द्या. मग मुलांना शेजारी शेजारी उभं करून हाताच्या कड्या घालायला सांगा. टोकाचं मूल कमरेतून पुढे वाकून सरळ झालं की तीच हालचाल ओळीने सरकत जाते, ही दुय्यम म्हणजे एस लहर. आता कड्या सोडा, खांद्याला खांदा नुसता लागलेला. हा झाला द्रव. बाजूने ढकललं तर धक्का अजूनही पोचतो. वाकलं तर शेजारी हलत नाही. द्रवातून एस लहर का जात नाही, हे मुलांच्या अंगालाच कळतं. (ढकलणं तळहाताने, हळू. रांग कोसळली तर आधी कोपरं सरळ ताठ धरली होती का ते पाहा.)

मग मैदानावरच्या आखणीकडे या आणि पाव वर्तुळ मनाने पूर्ण करा. भूकंपाच्या जागेपासून (केंद्राशी मोजलेल्या) १०४ अंशांच्या पलीकडे गाभा आडवा येतो आणि थेट एस लहरी यंत्रांवर येत नाहीत. पी लहरी येतात, पण गाभ्यात शिरताना वळतात, कारण त्यांचा वेग सेकंदाला साडेतेरा किमीवरून एकदम ८ वर घसरतो. त्यामुळे १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात त्यांचीही सावली पडते. पेल्यातल्या पाण्यात पेन्सिल वाकडी दिसते ते दाखवून 'वळतात' समजावा. पृथ्वीच्या आरपार जायला पी लहरीला साधारण वीस मिनिटं लागतात, हा आकडा मुलांना फार आवडतो.

ओवी

एक शंका. खाणीत दर किलोमीटरला २५-३० अंश वाढतात असं वाचलं. मग ६३७१ ने गुणलं तर दीड लाखाच्या वर जातं! आणि केंद्र सगळ्यात तापलेलं, तर तिथलं लोखंड घन कसं?

गारगोटी

दोन्ही प्रश्न नेमके आहेत. तो दर फक्त वरच्या काही किलोमीटरांचा. खाली प्रावरण स्वतः हळूहळू फिरत उष्णता वर आणतं, त्यामुळे वाढ मंदावते. साधारण १०० किमीवर १३०० अंश, प्रावरणाच्या तळाशी ४००० च्या आसपास, केंद्रात ५००० ते ६०००.

अंतर्गाभा घन आहे तो दाबामुळे. केंद्रात दाब हवेच्या दाबाच्या ३६ लाख पट आहे आणि दाबाखाली लोखंडाचा वितळबिंदू चढतो. समजावायला कुकर घ्या. दाब वाढला की पाणी १०० ला उकळत नाही, सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं. वितळण्याचंही तसंच. इथे बर्फाचं उदाहरण देऊ नका, कारण बर्फ उलटा वागतो, दाबल्यावर त्याचा वितळबिंदू खाली येतो.

याची दुसरी बाजू सिरिंजने दाखवता येते. बिनसुईची २० मिलीची सिरिंज, त्यात एकदा उकळून ६०-७० अंशांवर आणलेलं ५ मिली पाणी. हवा पूर्ण काढा, तोंड टोपणाने बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. विस्तवाशिवाय पाणी उकळताना दिसतं. पाणी आधी उकळलेलं नसेल तर त्यात विरघळलेली हवाच बुडबुड्यांनी बाहेर येते आणि तुम्ही भलतंच दाखवता. हे मोठ्यांनीच करायचं, हात रुमालात. तापमान तेच, दाब कमी झाला आणि अवस्था बदलली. घन प्रावरणातून मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) बराचसा असाच तयार होतो: तप्त खडक वर सरकतो, दाब उतरतो, थोडा अंश वितळतो. दख्खनचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी असाच आला.

सह्यकडा

महाराष्ट्रातल्या मुलांचा एक खास गोंधळ इथे कोणी मांडला नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात, मधे तांबड्या मातीचे थर. घाटातून जाणाऱ्या मुलांना वाटतं, हेच पृथ्वीचे थर. विहीर खणताना माती, मुरूम, मांजऱ्या (अर्धवट झिजलेला मऊ खडक), मग कातळ लागतो, त्यालाही ती प्रावरणापर्यंत नेऊन भिडवतात. ते पट्टे म्हणजे एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे प्रवाह, आणि तांबडा थर म्हणजे दोन प्रवाहांमधल्या काळात झिजलेला भाग. गारगोटींच्या आखणीत अख्खा सह्याद्री दीड-दोन मिलिमीटरचा आहे. हे पट्टीवर दाखवल्याशिवाय सत्र पुरं करू नका.

काळ्या कातळाखाली काय, याचं उत्तर कोयनेत मिळालं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथे अभ्यास चालूच आहे. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कराडच्या संशोधन प्रयोगशाळेने तिथे ३ किमी खोल विवर पाडलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाईस (दाबाने-उष्णतेने बदललेला पट्टेदार खडक). मधे प्रावरण नाही, लाव्हा नाही. गोव्यात, सिंधुदुर्गात आणि पूर्व विदर्भात हे जुने खडक बऱ्याच ठिकाणी उघड्यावरच आहेत, तिथल्या मुलांना कातळाचं उदाहरण देताना तिथला दगड उचला.

आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीची, तुरळ-राजवाडीची गरम कुंडं. खाली ज्वालामुखी आहे असं सर्रास सांगितलं जातं. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. मॅग्माची गरज नाही.

त्रिज्या

वेळ उरला तर चुंबकाचा छोटा प्रयोग. 'गाभ्यात मोठं लोहचुंबक आहे' ही समजूत त्याने जाते. सुई चुंबकावर एकाच दिशेने तीसेक वेळा घासा, पिंपळाच्या पानावर ठेवून पाण्यात तरंगवा, उत्तर-दक्षिण होते. मग चिमट्यात धरून गॅसवर लालभडक करा आणि पूर्व-पश्चिम आडवी धरून थंड होऊ द्या. परत तरंगवली की कुठेही तोंड करते. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांना जातं, गाभा त्याच्या कितीतरी पट तापलेला. पृथ्वीचं चुंबकत्व येतं ते बाह्य गाभ्यातल्या फिरत्या, वीजवाहक द्रव लोखंडामुळे. सुई लाल झाली नाही, नुसती तापली, तर प्रयोग फसतो.

पाटीपेन्सिल

क्रम असा ठरवतोय: मैदानावरची आखणी ३५ मिनिटं, दगड आणि नटबोल्टची घनता २५, मुलांची साखळी २०, सिरिंज १०, कणकेचे गोळे ३०. डांबर आठ दिवस आधीच वर्गात ठेवतो. फ्रीझर शाळेत नाही, गोळे कसे कापायचे?

ओलीमाती

कणीक घरून मळून, रंगवून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून आणा आणि ओल्या फडक्यात झाकून ठेवा. मुलांनी गोळे केले की पंधरा मिनिटं बर्फाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. पाणी लागलं तर वरचा थर चिकट होतो. फ्रीझर नसताना दोन वाट्या मैद्याला पाणी पाऊण वाटीपेक्षा वाढवू नका, घट्ट कणीक बर्फाशिवायही बरी कापली जाते.

कापलेले अर्धगोळे तसेच ठेवू नका. वरून वाळतात, आत ओले राहतात, मग तडकतात आणि बुरशी धरतात. ठेवायचेच असतील तर अर्धगोळ्याचा एक सेंटिमीटर जाडीचा काप काढा आणि सावलीत चार-पाच दिवस, रोज उलटत वाळवा. उरलेली कणीक कुत्र्यांना किंवा गुरांना घालू नका, मीठ फार आहे, त्यांना ते बाधतं. कचऱ्यातही पिशवीत बांधूनच टाका.